प्राथमिक शिक्षकाचें वेतन

जुन्या महाराष्ट्रांतील गांवगाड्याच्या बारा बलुतेदारांची यादी पाहिली, तर तींत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी-परीट आहेत. देवाची पूजाअर्चा करणारा गुरव आहे आणि पंचांग सांगणारा जोशीहि आहे. गांवच्या मुलांस अक्षर शिकविणारा पंतोजी मात्र तींत नाहीं. ही यादी प्रांतोप्रांतीं थोडीफार बदलते, एखादा बलुतेदार गळतो, एखादा वाढतो. पण पंतोजीची जागा सहसा कोठेंच निघत नाहीं. खळ्यावर रास पडली म्हणजे सुतार-लोहार आपला वांटा हक्कानें उचलीत. पंतोजीला मिळे तें पालकांच्या मर्जीनें : महिन्याकांठीं मुलामागें कांहीं पैसे, सणावाराला शिधा, कधीं पायली-दोन पायली धान्य. ज्या घरीं देण्यासारखें कांहीं नसे, त्या घरचें मूल बहुधा शाळेंतहि नसे. नांगराचा फाळ मोडला तर साऱ्या गांवाचें अडे. मुलाला वाचतां आलें नाहीं तर एकट्या त्या मुलाचेंच अडे, आणि तेंहि पुढें कधीं तरी, सावकाराच्या ओटीवर अंगठा उठवितांना. सुताराचें काम ही गांवाची गरज आणि पंतोजीचें काम ही ज्याच्या त्याच्या घरची हौस, असा त्या व्यवस्थेचा निवाडा होता.

हा निवाडा कायद्यानें फिरविला गेला त्यास आतां बराच काळ लोटला. तो मनांतून आणि अंदाजपत्रकांतून कितपत फिरला, हें पाहावयाचें तर शिक्षकाच्या पगाराचा इतिहास पाहावा. भाषणांपेक्षां आणि सत्कारांपेक्षां हा पुरावा अधिक भरंवशाचा आहे.

इंग्रजी अमदानींत पंतोजीचा मास्तर झाला आणि त्याला दरमहा ठरीव पगार मिळूं लागला. या पगाराचा पैसा कोठून आला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यांत आला. पट्टी भरणारा बहुतांशीं कुणबी, आणि शाळेंत बसणारीं मुलें बहुतांशीं इतरांचीं, अशी ती सोय होती. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत या विसंगतीवर त्यांनीं बोट ठेवलें. त्या निवेदनाची आठवण सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठीं नेहमीं काढली जाते; त्यांतील शिक्षकांविषयींचा मजकूर मात्र फारसा कोणी उद्धृत करीत नाहीं. फुल्यांचें म्हणणें असें होतें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे. प्रसंग पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास ज्यांस लाज वाटणार नाहीं आणि जे गरीब लोकांत सहज मिसळतील, असे ते असावेत. त्यांस रीतसर शिकवून तयार करावें. आणि त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गांवीं तो १५ ते २० रुपयांपर्यंत असावा.

एवढ्यावर ते थांबले नाहींत. शिक्षकाकडे गांवचे हिशेब तपासण्याचें, दस्त नोंदण्याचें, टपालाचें किंवा स्टँप विकण्याचें काम सोंपवावें, म्हणजे गांवांत त्याचें वजन वाढेल, असेंहि त्यांनीं सुचविलें होतें. ही सूचना वरवर किरकोळ दिसते. पण फुल्यांच्या बारीक नजरेची ती साक्ष आहे. ज्याच्या हातीं गांवाचें कांहीं एक चालतें, त्यालाच गांव ओळखतें, हें त्यांना ठाऊक होतें. पाटील-कुळकर्ण्यांच्या चावडीवर मास्तराला बसावयास जागा मिळावी, ती कोणाच्या कृपेनें न मिळतां कामाच्या हक्कानें मिळावी, आणि त्या कामाचा मोबदलाहि त्याच्या पदरीं पडावा, हा त्यांचा हेतु होता.

पुढें काय झालें? कामें आलीं, वजन आलें नाहीं. खेड्यापाड्यांत मास्तर पुष्कळ वर्षें टपाल सांभाळीत असे आणि त्याबद्दल त्याला लहानसा भत्ता मिळे, एवढ्यापुरती फुल्यांची सूचना अंमलांत आली. त्यानंतर जीं कामें चढत गेलीं, तीं हुकुमानें चढलीं. खानेसुमारी आली, मतदारांच्या याद्या आल्या, निवडणुकीच्या पेट्या आणि मागून यंत्रें आलीं. शाळेंत भोजन शिजूं लागल्यावर तांदूळ, डाळ आणि तेल यांचे हिशेब आले. आणि आतां तर दिवसाच्या माहितीचे तक्ते संगणकावर भरून पाठविण्याची घाई आली. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानें दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढीं कामें वगळून इतर अशैक्षणिक कामांस शिक्षकांना जुंपूं नये, असें स्पष्ट घातलें. कलम चांगलें आहे. पण हिशेब आणि तक्ते हीं शाळेचींच कामें असल्याचें म्हटलें कीं कलमाचीहि अडचण राहत नाहीं, आणि दोन शिक्षकी शाळेंतला एक शिक्षक तालुक्याच्या गांवीं गेला म्हणजे उरलेल्या शिक्षकाच्या वाट्याला सगळेच वर्ग येतात.

पैशाचा प्रश्न आला कीं प्राथमिक शिक्षणाचा गाडा अडावा, हा तर जुनाच अनुभव. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९११ मध्यें प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. तें अतिशय सावध होतें : सक्ति एकदम सर्वत्र नाहीं, ज्या स्थानिक संस्था तयार होतील तेथेंच, आणि खर्चाचा दोन तृतीयांश वांटा सरकारनें उचलावा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेनें. एवढें सौम्य विधेयक १९ मार्च १९१२ रोजीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं नामंजूर झालें. त्याच सुमारास संस्थानांचें काय चाललें होतें, हें पाहिलें म्हणजे या पराभवाचें खरें स्वरूप कळतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तो सर्व राज्याला लागू केला होता. करवीरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें आणि मोफत शिक्षण जाहीर केलें. अफाट ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीला जें झेपत नव्हतें, तें कोल्हापूरसारख्या लहान संस्थानाला झेपलें.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलामुलींस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असें राज्यांस सांगितलें. तो हक्क कायद्याच्या रूपानें अमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं, मुदतीनंतर पन्नास वर्षांनीं. मध्यंतरीं १९६६ सालीं कोठारी आयोगाचा अहवाल आला. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग १९८६ पर्यंत शिक्षणाकडे यावा, असें त्या अहवालानें म्हटलें. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें पुन्हा तोच सहाचा आंकडा लिहिला. चौपन्न वर्षांत आंकडा बदलावा लागला नाहीं, कारण तो गांठलाच गेला नव्हता.

येथें एका गैरसमजाचा विचार करणें अवश्य आहे. आणि तो अशिक्षितांचा नसून चांगल्या सुशिक्षितांचाच आहे. महाराष्ट्रांत शिक्षणाला त्यागाची मोठी परंपरा आहे. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, मागून फर्ग्युसन कॉलेज निघालें. तेथील आजीव सभासदांनीं सरकारी नोकरीचीं दारें उघडीं असतां तुटपुंज्या वेतनावर वीस वीस वर्षें शिकविण्याची शपथ घेतली. गोखले स्वतः दरमहा ७५ रुपयांवर शिकवीत होते. पुढें साने गुरुजींनीं अमळनेरच्या शाळेंत आणि वसतिगृहांत आपलें आयुष्य ओतलें, कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेंत कित्येकांनीं पोटाला चिमटा घेऊन काम केलें. हीं नांवें मराठी घरांत आदरानें घेतलीं जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु या आदरामागून एक सोयीस्कर अनुमान हळूच पुढें येतें : शिक्षकाचा व्यवसाय हा मुळांत त्यागाचा आहे, तेव्हां त्यानें पगाराची भाषा बोलूं नये. या अनुमानांत मोठी खोट आहे. फर्ग्युसनच्या सभासदांनीं त्याग केला तो आपखुशीनें, आणि संस्थेचा कारभारहि त्यांच्याच हातीं होता. अधिक पगाराची वाट मोकळी असतां त्यांनीं ती सोडली. ज्याला दुसरी वाटच नाहीं, ज्याला संस्थेच्या कारभारांत कोणी विचारीत नाहीं, आणि महिनाअखेर ज्याच्या घरीं किराणा उधारीवर येतो, त्याच्या दारिद्र्याला त्याग म्हणणें ही त्यागाची आणि त्या माणसाची, दोघांचीहि थट्टा आहे.

वेतनानें माणूस कसा ओढला जातो, याचें उदाहरण फार मागचें शोधावयास नको. एकोणिसशें नव्वदच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यांत बारावीला उत्तम गुण मिळविलेला गरिबाघरचा मुलगा किंवा मुलगी डी. एड. च्या प्रवेशासाठीं धडपडत असे. घरांत पैसा नाहीं, शहरांत राहून पुढचें शिकण्याची ऐपत नाहीं. दोन वर्षांत पदविका घ्यावी, जिल्हा परिषदेच्या शाळेंत लागावें, धाकट्या भावंडांचें शिक्षण आणि बहिणीचें लग्न करावें, असा हिशेब असे. त्या हिशेबांत ध्येयवाद किती आणि निकड किती, याची चिकित्सा करण्याचें कारण नाहीं. गांवांतील हुशार मूल शाळेकडे परत येत होतें, हें त्याचें फळ. मग २००० सालीं, पांचव्या वेतन आयोगानंतर राज्याच्या तिजोरीवर ताण पडलेला असतां, शिक्षणसेवक योजना आली. नव्यानें लागणाऱ्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें वेतनश्रेणीवर न राहतां ठोक रकमेवर काम करावयाचें : प्राथमिकला दरमहा ३,००० रुपये, माध्यमिकला ४,०००, कनिष्ठ महाविद्यालयांत ५,०००. डी. एड. चीं विद्यालयें त्यानंतरच्या काळांत भराभर वाढलीं आणि २०१२ पासून कित्येक वर्षें भरतीच थांबली. पदविका घेतलेलीं मुलें घरीं बसून राहिलीं; मग त्या विद्यालयांच्या जागा रिकाम्या पडूं लागल्या, आणि एके काळीं जेथें गुणांची चुरस होती तेथें विद्यार्थी शोधण्याची वेळ आली. गांवच्या हुशार मुलांनीं आपला हिशेब बदलला होता.

या योजनेंतील दोन्ही शब्द मोठे विचारपूर्वक निवडलेले दिसतात. शिकविणाऱ्याला सेवक म्हटलें, आणि त्याच्या पगाराला मानधन. मानधन हा शब्द कीर्तनकाराला, परीक्षकाला, आकाशवाणीवर घटकाभर बोलून जाणाऱ्या वक्त्याला शोभतो. त्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो, कामाचा मान म्हणून कांहीं रक्कम त्याला देतात, आणि ती थोडी असली तरी त्याची चूल त्यामुळें विझत नाहीं. रोज सकाळपासून शाळेंत राबणाऱ्या माणसाच्या एकुलत्या एक मिळकतीला हा शब्द लावला, म्हणजे ती मिळकत पुरेशी आहे कीं नाहीं हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाहीं. मानधनाला महागाईभत्ता जोडलेला नसतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन पुढें ६,००० रुपये झालें आणि सुमारें दहा वर्षें तेथेंच थांबलें.

या ६,००० चें मोल सांगण्यास एक तुलना पुरेशी आहे. २०२२-२३ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २५६ रुपये होती. सव्वीस दिवस काम मिळालें तर तिचे ६,६५६ रुपये होतात. मातीकाम करणाऱ्या मजुराला अधिक मिळालें याचें दुःख नाहीं. त्याचीहि मजुरी थोडीच आहे. पण पदविका घेतलेल्या, पात्रतापरीक्षा आणि अभियोग्यता चांचणी पार केलेल्या, आपल्या गांवापासून दोन-तीनशें मैलांवर नेमणूक झालेल्या, खोलीचें भाडें भरून राहणाऱ्या तरुणाला त्याहून कमी मिळावें, हा हिशेब कोणत्या गणिताच्या पुस्तकांत बसतो? २०२२ सालीं उच्च न्यायालयानें या तुटपुंज्या रकमेची दखल घेतली. त्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० अशी वाढ झाली.

तरीहि शिक्षणसेवकाला तीन वर्षांनीं किनारा दिसतो. ज्यांस किनाराच दाखविला नव्हता, असा दुसरा वर्ग खासगी विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांचा. २००१ सालच्या धोरणानें मराठी माध्यमाच्या नव्या शाळांनाहि 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी मिळूं लागली. नोकरदाराला कायम या शब्दाइतका गोड शब्द दुसरा नाहीं. येथें मात्र तो शाळेच्या कपाळीं अनुदान न मिळण्यासाठीं लिहिला गेला. २००९ सालीं तो शब्द वगळण्यांत आला, आणि पात्र ठरलेल्या शाळांस २० टक्के अनुदान मिळण्यास २०१६ साल उजाडलें. पंचविसाव्या वर्षीं अशा शाळेंत लागलेला शिक्षक तोंवर चाळिशीला आला होता. मधल्या काळांत त्यानें सकाळीं शिकवण्या घेतल्या, सुटीच्या दिवशीं दुसऱ्याच्या शेतांत मजुरी केली, घरच्यांच्या आधारावर दिवस काढले; लग्नाच्या बाजारांत तो शिक्षक म्हणून गणला गेला नाहीं. संस्था सोडून जावें तर आजवरचीं वर्षें फुकट जातात, राहावें तर पुढच्या महिन्याची खात्री नाहीं. शाळेच्या दाखल्यावर आणि मुलांच्या निकालावर मात्र त्याची सही राज्यांतील इतर कोणत्याहि शिक्षकाइतकीच चालत होती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून जाणें बरें नव्हे. नियमित नेमणूक झालेल्या प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणें २९,२०० रुपयांपासून सुरू होऊन ९२,३०० पर्यंत जाते, वर भत्ते. हा पगार कांहीं वाईट नाहीं. मग ज्या शाळांत सगळे शिक्षक या श्रेणीवर आहेत, त्यांतील सगळ्याच शाळा उत्तम कां नाहींत? आक्षेप रास्त आहे. पगार चांगला असून कामांत कुचराई करणारे शिक्षक आहेत, आणि त्यांचा बचाव करण्याचें कारण नाहीं. परंतु पगारानें एवढेंच होतें कीं, चांगला माणूस दारापर्यंत येतो. आंत आल्यावर त्याला काय मिळतें, तें पगारपत्रकांत दिसत नाहीं. कायद्याच्याच तक्त्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. हिशेब तीसास एक असा दिसतो खरा. पण वर्ग पांच आणि माणसें दोन, म्हणजे एका फळ्याच्या अर्ध्यांत दुसरीची वजाबाकी आणि अर्ध्यांत चौथीचा अपूर्णांक. पहिलीचीं मुलें तोंवर पाटीवर जें काढतील तें काढतील. एखादे वेळीं जागा रिकामी, म्हणजे तो दुसरा शिक्षकहि नाहीं. एकाच शाळेंत पूर्ण वेतनाचा एक आणि मानधनाचा एक, असे दोघे शेजारच्या वर्गांवर तेंच काम करीत असतील, तर त्यांच्यांतील बोलण्याचा विषय काय असेल, हेंहि निराळें सांगावयास नको.

दुसरें कारण शहरांतील घरांस अधिक जवळचें आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं मामलेदाराचा मुलगा, डॉक्टराची मुलगी आणि हमालाचें पोर नगरपालिकेच्या एकाच शाळेंत पुष्कळ ठिकाणीं बसत. छप्पर गळलें तर मामलेदाराच्या कानांवर तें घरींच जात असे. आतां त्या घरांतील मुलें खासगी शाळेच्या गाडींतून जातात, आणि सरकारी शाळेंत उरलीं तीं ज्यांच्या आईबापांची तक्रार कोणी ऐकून घेत नाहीं त्यांचीं. शिवाय या घरांची अशी समजूत असते कीं, शुल्क भरलें म्हणजे आपल्या मुलाच्या शिक्षकाला तरी चांगलें वेतन मिळत असणार. कित्येक खासगी शाळांत शिक्षिका एका रकमेवर सही करते आणि घरीं दुसरी रक्कम नेते. हें त्या धंद्यांत सर्वांस ठाऊक आहे, फक्त शुल्क भरणाऱ्यांस ठाऊक नाहीं. वर्षारंभीं शाळेंत गेल्यावर इमारत, पोहण्याचा तलाव आणि गाड्या यांची चौकशी होते. वर्गशिक्षिकेचा पगार किती, ही चौकशी करणारा पालक विरळा.

डिसेंबर २०२० मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस दहा लक्ष डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून मुलांस धडे ऐकण्या-पाहण्याची सोय त्यांनीं केली होती. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, आणि सबंध महाराष्ट्राची मान उंचावली. सरकारी शाळेच्या वर्गांतून काय निघूं शकतें, हें त्या दिवशीं जगानें पाहिलें. त्या महिन्यांत राज्यांत जे प्राथमिक शिक्षणसेवक काम करीत होते, त्यांच्या खात्यावर ६,००० रुपये जमा झाले. पुढें २०२३ सालीं मानधन वाढलें आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें, रिक्त जागांवर तात्पुरती सोय म्हणून निवृत्त शिक्षकांस दरमहा २०,००० रुपयांवर बोलाविण्याचा निर्णय झाला. निवृत्तांस त्याखेरीज आपलें निवृत्तिवेतन मिळत होतें. त्यांच्या शेजारच्या वर्गावर नव्यानें लागणाऱ्या तरुण शिक्षकासाठीं १६,००० चा आंकडा आणि तीन वर्षांची अट ठरलेली होती.